गोदाआत्याचा पहिलवान

सोनाळ्याच्या तुळशीराम पहिलवानाचं नाव निघालं की जुनी माणसं अजून म्हणतात, "तोच नं, ज्यानं हातात आलेली कुस्ती सोडून देल्ली?" आणि मग डोळे बारीक करून एकमेकांकडे बघतात, म्हणजे ऐकणाऱ्यानं समजायचं ते समजून घ्यावं. मला याचा भारी राग येतो. अहो, तुम्ही होतात का तिथं? मी होते. अंगणातल्या खाटेला टेकून बसले होते आणि सगळं या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

तुळशीरामनं किती मैदानं मारली, कुठल्या राजानं त्याला शेला दिला, ते मला विचारू नका. ते पुरुषांनी सांगावं. मला ठाऊक आहे तो आमच्या भिंतीपलीकडचा तुळशीराम, आणि त्यातही त्याची आत्या गेली त्या वर्षाचा. आत्या ठाऊक असल्याशिवाय तो कोणाला कळायचाच नाही. गावानं त्याला बापाच्या नावानं कधी ओळखलं नाही. ‘गोदाबाईचा पहिलवान’ असंच म्हणत.

मी खामगावची. लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि कुस्त्यांच्या मोठ्या दंगली नागपूर-जबलपूरकडे व्हायच्या. आमचं किराणा दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. पहिल्याच पहाटे मागच्या भिंतीपलीकडून हुं-हुं, हुं-हुं असा आवाज सुरू झाला, तो काही केल्या थांबेना. मला वाटलं, कोणी आजारी म्हातारा कण्हतो आहे. सासूबाई झोपेतच म्हणाल्या, "भेऊ नको वं, आपला तुळश्या बैठका काढून राह्यला." तो आवाज पुढे माझ्या इतका अंगवळणी पडला की तुळशीराम जत्रांच्या मोसमात फिरतीवर गेला की मला जागच येत नसे.

दिसायला दांडगा. आमच्या दुकानाच्या छपराला लटकवलेला कंदील त्याच्या कपाळावर आपटायचा आणि तो कंदिलालाच धरून हळूच थांबवायचा, त्यालाच लागलं असेल तसा. कान चुरगळलेले, मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात ते कळू नये अशी. पण आवाज मात्र बारीक, आणि बोलणं त्याहून कमी. खारीक-बदाम घ्यायला आला की बाजूला उभा राहायचा. पोरं येऊन गोळ्या घेऊन जायची, बाया येऊन तेल घेऊन जायच्या, हा आपला उभा. मी म्हणायची, "अहो पहिलवान, तुम्हाला काय पाहिजे?" तर म्हणायचा, "होऊ द्या नं त्यायचं. मले काय घाई हाये?" सकाळी आलेला माणूस ऊन चढल्यावर बदाम घेऊन जायचा.

आणि आत्या? ती त्याच्या कोपरापर्यंत यायची. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी बारीक, विटकं लुगडं, मोकळं कपाळ. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा वारला आणि ती माहेरी भावाकडे आली. मग मानमोडीची साथ आली. त्या तापानं घरंच्या घरं गेली, तसे भाऊ-भावजय दोघंही आठवड्याच्या आत गेले. मागे राहिली ही आणि दूधपितं पोरगं. तिच्या अंगावर तर दूध नव्हतं. शेजारच्या म्हशीचं दूध कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पिळायची, त्याला पाठीशी बांधून लोकांच्या वावरात कापूस वेचायची. सासरकडून कोणी विचारायलाही आलं नाही. ‘आता तुह्या पोटाचं तू पाह्य’ असा निरोप तेवढा आला होता म्हणे.

लोकांना वाटतं तिनं पोराला पहिलवान करायचं ठरवलं. काही नाही! पोरगं इतकं मरतुकडं होतं की दर पावसाळ्यात आता जातं की मग जातं असं व्हायचं. उस्मानखां म्हणून एक पिंजारी होते आमच्या गावात. गाद्या-रजया पिंजायचे, आणि मारुतीपुढच्या आखाड्यात पोरांना कुस्ती शिकवायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आत्यानं ते पोरगं उस्तादपुढं नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "उस्ताद, ह्याले कुस्ती नका शिकवू. फकस्त जगवा." उस्ताद हे फार वेळा सांगायचे. म्हणायचे, "मैं तो उसको जिंदा रखने के वास्तेच माती में लोळवत होता. ये पहाड निकल आया, उसमें मेरा क्या कसूर?"

आखाड्याचे नेम कडक. बाईनं त्या मातीला शिवायचं नाही, जवळ जायचं नाही, दंगल बघायची तर बातच सोडा. पहिलवानाचा लंगोटही घरातल्या बाईनं धुवायचा नाही, ज्याचा त्यानंच धुवायचा. यावरून आत्याचं आणि उस्तादांचं एकदा चांगलंच जुंपलं होतं. "म्या ह्याचे दुपटे धुतले, ह्याचं गू-मूत काढलं, अन् आता माह्या हातानं लंगोट बाटते काय?" असं ती भर रस्त्यात म्हणाली. उस्ताद हसले, पण नेम नेमच राहिला. तिनंही मग कधी विषय काढला नाही. तिचं तसंच होतं. एकदा तोंड वाजवून घ्यायची आणि मग गपगुमान पाळायची.

दंगलीच्या दिवशी आम्ही बाया गावाबाहेरच्या विहिरीवर बसायचो. तिथून मैदान दिसत नसे, पण डफडं ऐकू येई. कुस्ती लागली की डफडं तडतडायला लागतं, चढत जातं, आणि निकाल लागला की एकदम थांबून आरोळी उठते. बाकीच्या बाया कान टवकारून बसायच्या. आत्या मात्र कमरेच्या पिशवीतून सरकी काढलेला कापूस काढायची, दोन्ही कानांत बोळे कोंबायची आणि तूर निवडत बसायची. मला म्हणायची, "सरलं की माह्या मांडीले हात लाव." मी आरोळी ऐकून तिच्या मांडीवर हात ठेवला की बोळे काढायची, तूर पदरात घ्यायची आणि घरी चालू लागायची. कोण जिंकलं, असं तिनं कधी विचारलं नाही.

तिकडून वाजतगाजत मिरवणूक यायची. तुळशीराम वेशीपाशीच त्यातून निसटायचा आणि मागच्या दारानं घरी यायचा. मी भिंतीवरून पाहायची. तो तिच्यापुढं खाली मांडी घालून बसायचा, आणि ती बाजारात बैल पारखतात तशी त्याच्या मानेवरून, खांद्यांवरून, बरगड्यांवरून बोटं फिरवायची. "हितं दुखते? हितं?" तो मान हलवायचा. एकदा तो म्हणाला, "आत्या, जिंकलो वं." तशी ती म्हणाली, "जिंकला का हरला ते गाव सांगन. कुठं लागलं ते तू सांग."

बक्षिसाचे फेटे घरात ढिगानं. केशरी, गुलाबी, जरीच्या काठाचे. दुसरी असती तर खुंटीवर टांगून गावाला दाखवले असते. आत्यानं कात्री घेतली आणि त्या फेट्यांच्या गोधड्या शिवल्या. "डोक्शावर एकच मावते. बाकीच्यायचं काय लोणचं घालू?" आळीत ज्या घरी पाळणा हलला त्या घरी तिची गोधडी गेली. बामणाच्या घरी गेली, मोमिनाच्या घरी गेली, मांगवाड्यातही गेली. माझी तिन्ही लेकरं नागपूरच्या दंगलीतल्या फेट्याखाली झोपली आहेत. तुळशीरामला कोणी म्हणालं, "अरे, तुझी कमाई कापून टाकली," तर तो लाजून म्हणायचा, "मस्त ऊब येते म्हंतात."

मी सांगते ते वर्ष जवळ आलं आणि आत्याच्या पायांना सूज यायला लागली. आधी पाय, मग पोट, मग तोंड. तुळशीरामनं तिला गाडीत घालून खामगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या, म्हणजे काय ते त्यालाही कळलं. परत आला तो गाडीत बसून नाही, गाडीशेजारून चालत आला, एक हात तिच्या खाटेला लावून.

त्यानंतर तो फिरतीवर गेला नाही. मोसमाचे दिवस, पहिलवानाची वर्षाची कमाई त्या चार-सहा महिन्यांतच व्हायची. नागपूरहून बोलावणं आलं, बऱ्हाणपूरहून आलं. "आत्याची तब्येत" एवढंच सांगून माणसं परत पाठवली. ज्या तेलानं स्वतःचं अंग रगडायचा त्याच तेलानं तिचे पाय चोळत बसायचा. त्या हातांनी भल्याभल्यांच्या माना वळवल्या होत्या, आणि आता तिचं पाऊल हातात घेताना ते भीत होते. मी कण्हेरीचा काढा घेऊन जायची... नाही, कण्हेरी नव्हे, पुनर्नवा. कण्हेरीनं तर माणूस मरतं. बघा, अजून त्या दिवसांचं बोलताना माझं चित्त ठिकाणावर राहत नाही.

आत्या त्याच्यावर खेकसायची. "माह्यापाशी बसून काय करतं? माशा हाकतं? जाय नं खेळाले!" तो ऐकून घ्यायचा आणि दुसरं पाऊल हातात घ्यायचा.

एकदा दुपारी मी तिला पेज पाजत होते. तो शेजारीच बसला होता. ती सहज म्हणाली, "लोकं म्हंतात, हा खेळते तवा देवावानी दिसते. म्या तं ह्याले जेवतानाच पाह्यलं." आणि पेज प्यायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. पण तुळशीरामचा चेहरा मी पाहिला. उठला आणि बाहेर गेला.

तो गेला पंचांकडे. जत्रा तोंडावर आली होती, गावच्या दंगलीतली शेवटची, मानाची कुस्ती त्याची ठरलेली. त्यानं पंचांना सांगितलं, ही कुस्ती माझ्या आत्याला दिसली पाहिजे. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकलं असेल. पंच चपापले. आखाड्यावर बाई? आजवर झालं नाही. मारुतीचं कसं करायचं? एकानं तर विचारलं, "आज आत्या येईन, उद्या बायका येतीन, मंग आम्ही घरी भाकरी थापाव काय?" तुळशीराम मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग मी खेळत नाही. तिच्यापाशी बसतो."

तोड काढली ती उस्तादांनी. म्हणाले, "बाई आखाड्यावर जाणार नाही. नेम आपल्या जागी. पण आखाडा बाईच्या दारात आला, तं त्याले कोणता नेम हाये? माती काय, टोपल्यात भरून नेता येते." पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची नातवंडं आत्याच्या गोधडीत वाढली होती. मग काय, आत्याच्या अंगणापुढच्या मोकळ्या वावरात पोरांनी आखाड्याची माती वाहून आणली. तेल-ताक-हळद घालून ती मळली, मारुतीचा फोटो ठेवून नारळ फोडला.

त्या दिवशी आळीतल्या एकूण एक बाईला आत्याच्या तब्येतीचा पुळका आला. आजाऱ्याला पाहायला म्हणून निघाल्या त्या नटूनथटून, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी पहाटेच जाऊन खाटेशेजारची जागा धरली होती. आत्याला आम्ही उशा लावून बसतं केलं. तिचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडे गेला. मी तो धरला आणि म्हणाले, "आज नाही हो आत्या. आज ऐकायचं, पाहायचं." ती म्हणाली, "मले भेव लागते वं."

जोडीचा पहिलवान होता देऊळगाव राजाकडचा, शेख इसाक. वीस-एकविशीचा, ओठावर नुकती मिसरूड, अंगानं चपळ. त्याचं नाव तेव्हा नुकतंच कानावर यायला लागलं होतं. सोनाळ्यात तुळशीरामची पाठ कधी मातीला लागली नव्हती. त्याला हरवलं तर इसाकचा जन्म सुधारणार होता, आणि ते तो अंगावर माती घेताना त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तुळशीराम मातीत उतरला. मीही त्याला तसा पहिल्यांदाच पाहत होते. खरंच सांगते, तो वेगळाच माणूस दिसला. दुकानात बाजूला उभा राहणारा हा नव्हेच. पाऊल टाकलं की जमीन त्याचीच वाटावी असा. आत्या टक लावून बघत होती. मला म्हणाली, "आपला तुळश्याच हाये नं हा?"

डफडं तडतडायला लागलं. बराच वेळ दोघं एकमेकांना रेटत राहिले. मग तुळशीरामनं पट काढून, म्हणजे पायच ओढून, इसाकला खाली घेतलं, त्याच्या पाठीवर बसला, मानेखालून हात घातला आणि दाबायला लागला. झालं, कुस्ती त्याची होती. आंधळ्यालाही समजलं असतं. लोक उभे राहिले, फेटे उडायला लागले. इसाकचं तोंड आमच्याच बाजूला होतं. लालबुंद झालेलं, डोळे बाहेर आलेले, ओठाला माती चिकटलेली. तो हार मानत नव्हता.

आणि आत्या ओरडली. त्या सुजलेल्या, धापेनं थकलेल्या गळ्यातून एवढा आवाज कुठून आला, देव जाणे. "तुळश्या! सोड त्याले! जीव चालला पोट्ट्याचा! सोड म्हंतो नं!"

डफडं वाजत होतं, हजार माणसं ओरडत होती. कोणाला ऐकू गेलं नाही, गेलं ते फक्त आम्हा चार बायांना आणि त्याला. लहानपणापासून ज्या आवाजानं विहिरीच्या काठावरून, चिंचेच्या फांदीवरून त्याला मागे बोलावलं, तो आवाज. मी बघत होते. त्याचा हात सुटला. विचार करून नाही हो, चटका लागल्यावर सुटतो तसा सुटला. इसाकनं कंबर फिरवली, त्याला उचललं आणि त्याची पाठ मातीला लावली.

डफडं थांबलं. पण आरोळी उठली नाही.

तुळशीराम मातीत आडवा पडून आभाळाकडे बघत होता. मग उठला, इसाकला हात देऊन उभं केलं, दोघं समोरासमोर उभे राहिले. आत्यानं हुश्श केलं आणि टाळी वाजवली. एकटीच टाळी वाजवत होती ती सगळ्या गावात. "उठले बाप्पा दोघंई," म्हणाली, "कोणाले काई झालं नाही."

दोघंही खाटेपाशी आले. तिनं आधी इसाकला जवळ घेतलं, त्याच्या मानेवरून बोटं फिरवली. "दुखते काय बापा?" त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "नाही आत्या. तुमचा पहिलवान लई ताकदीचा हाये." आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग तिनं तुळशीरामकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कोण जिंकलं रे?"

तुळशीराम खाली बसला, डोकं तिच्या हाताखाली दिलं आणि म्हणाला, "तू पाह्यलं नं आत्या? मंग झालं."

उस्ताद कुंपणापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हात कोणाच्या हाकेनं सुटला ते समजले. पुटपुटल्यासारखं म्हणाले, "औरत को अखाडे से काहे दूर रखते, आज समझा." आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

गावाला मात्र काय कळायचं? हातातली कुस्ती सुटली ती सुटली. दुसऱ्याच दिवशी आमच्या दुकानापुढं कुजबुज सुरू. पैसे खाल्ले, आधीच ठरलेली नुरा कुस्ती होती. पहिलवानाला शिवी द्यायची तर याहून वाईट शिवी नाही. तुळशीराम खडीसाखर घ्यायला आला होता, बाजूला उभा होता नेहमीसारखा. एक आगाऊ त्याला म्हणाला, "काय पहिलवान, काल हात कसा काय घसरला?"

"आत्यानं सोड म्हटलं."

"अन् कुस्तीत कोणी आत्याचं आयकते काय बे?"

"मी आयकतो," तुळशीराम म्हणाला, आणि खडीसाखरेसाठी हात पुढं केला. मी त्या आगाऊला उधारी बंद केली, पुढं होळीपर्यंत.

बोलावणी थांबली ती थांबलीच. पुढच्या मोसमात नागपूरवाल्यांनी इसाकला नेलं. तुळशीरामला त्याचं काय वाटलं ते मला माहीत नाही. तो तेव्हा दुसऱ्याच धास्तीत होता. आत्याच्या छातीत पाणी चढत चाललं होतं.

एका सकाळी तो म्हशीचं दूध काढायला गेला होता आणि मी तिच्यापाशी बसले होते. ती बोलायला लागली. थांबत थांबत, धाप घेत. "लोकं उगंच त्याले पहिलवान म्हंतात. म्हणे मारते, पाडते. मले इतके वर्सं भेव वाटे, की म्या ह्या लेकराले जगवलं, अन् हा कोणाचं लेकरू मारन. पण पाह्यलं नं तू? इतका जोर आंगात, अन् कसं सोडलं त्या पोराले!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तेच जिंकणं असन नं वं त्यायच्यातलं?"

मी म्हणाले, "हाव आत्या. तेच."

घ्या, म्हणाले! आणि मला त्यात खोटं काही बोलले असं आजही वाटत नाही. ती हसली. दूध घेऊन तो आला, तिनं दोन घोट घेतले, तिसरा ओठातून खाली आला. त्यानं तो बोटानं पुसला. पुसतच राहिला. मला सांगावं लागलं, "तुळशीराम, पुरे आता. गेली ती."

तो ओरडला नाही, छाती पिटली नाही. बाहेर गेला, म्हशीपाशी उभा राहिला, तिच्या पाठीवर कपाळ टेकवलं, आणि ते धिप्पाड अंग हलायला लागलं. मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलं आहे. त्याच्याइतकं आवाज नसलेलं रडणं पाहिलं नाही.

तिचं आजारपण हाताबाहेर गेलं तेव्हाच सासरकडे निरोप गेला होता. नदीपलीकडच्या गावाहून तिचा पुतण्या आला, तिच्या दिराचा मुलगा. तिला ज्यानं कधी पाहिलं नव्हतं असा माणूस. पण आग सासरची. लग्न झालेल्या बाईचं आगीचं मडकं माहेरचा माणूस धरत नाही, क्रियाही सासरचाच करणार. माहेरच्यांना सुतकसुद्धा नावापुरतं. पुतण्यानं केस उतरवले, पंचा गुंडाळला, आणि तिच्या उशाशी मानानं जाऊन बसला. तुळशीराम दाराबाहेर उभा होता, केस तसेच, मिशी तशीच. त्यानं म्हाताऱ्यांना विचारलं, "अन् मी?"

कोणी वर बघेना. शेवटी उस्ताद म्हणाले, "तू खांदा दे बेटा."

तिरडी बांधली. चौघं पुढे झाले, मागच्या उजव्या बाजूला तुळशीराम. ‘राम’ म्हणून उचलली, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम हाय निघाली. बाकीचे तिघं त्याच्या छातीला लागतील असे. तिरडी एका बाजूनं वर गेली, आणि तिचं ते हलकं शरीर खाली घसरायला लागलं. बायांनी तोंडावर पदर घेतले. घाईनं खाली ठेवली.

पुतण्या मडकं हातात घेऊन पुढं उभा होता. मागे वळून म्हणाला, "त्याले बाजूले घ्या. दुसऱ्याले द्या खांदा. तिले पाडता काय?" आणि तो काही वाईट बोलला नाही, खरं तेच बोलला. म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. एकजण तुळशीरामच्या दंडाला धरून हळूच म्हणाला, "चाल बाप्पा, तू मांगून ये." शेजारचा एक बेताच्या उंचीचा पोरगा त्याच्या जागी येऊन उभाही राहिला.

तुळशीरामनं त्या पोराला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. रागानं नाही, वाटेतली कळशी बाजूला ठेवावी तसं. मग बांबूखाली खांदा घातला आणि गुडघे वाकवले. आणखी वाकवले. बांबू बाकीच्यांच्या खांद्यांना बरोबर आला तिथं थांबला. बारीक आवाजात म्हणाला, "उचला."

बायांना दारापर्यंतच जाता येतं. बाकीच्या आत वळल्या, कोणी अंगण झाडायला घेतलं. मी आमच्या दुकानाच्या ओट्यावर चढले. रस्ता तिथून सरळ नदीकडे जातो, उताराचा, खडकाळ, मोकळ्या माणसाचाही पाय मुरडावा असा. मारुतीपाशी विसाव्याला तिरडी खाली ठेवली, खांदेकरी बदलले, बाकीच्या तीनही कोपऱ्यांना नवी माणसं आली, चौथा खांदा त्याचाच. पुन्हा उचलली.

सोनाळ्याच्या कुठल्याही गर्दीत तुळशीराम आधी दिसायचा आणि गर्दी मग. मी डोळ्यांवर हात धरून त्याला शोधत राहिले. फेटे दिसले, टोप्या दिसल्या, उस्तादांची पांढरी दाढी दिसली, पुढे मडक्याचा धूर दिसला. त्यांच्या मधून आत्या चालली होती, पाण्यावरून गेल्यासारखी, कुठंही न कलता. तुळशीराम काही दिसला नाही.